दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनाचं पॅनिंग : तीन दिवसांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बार्शीच्या एका निवृत्त गणित शिक्षिकेची ही हकिगत त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पुढे त्यांना ताई म्हणतो. आमच्या पुण्यातल्या फोटो मंडळात त्या दोन वर्षं येत होत्या आणि पॅनिंग मीच त्यांना शिकवलं होतं, त्यामुळे या प्रकरणात माझाही वाटा आहे. चुकीचा वाटा जास्त आहे.

ताईंचे वडील, अण्णा, बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेली ही अडीच फुटी लाइन मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी जायची. आज ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे. अण्णांच्या घरात इंजिनांचे फोटो आहेत, पण सगळे शेडमध्ये उभ्या केलेल्या इंजिनांचे. एकदा ताईंनी मोठा करून आणलेला फोटो बघून ते म्हणाले, ‘थंड इंजिन आहे हे. चालतं दाखव की कधी.’ ताईंनी ते मनावर घेतलं.

निघण्यापूर्वी आम्ही बसून ठरवलं की नक्की काय हवं आहे. एक, चाकं आणि त्यांना फिरवणारे दांडे फिरताना दिसले पाहिजेत. दोन, इंजिन पुढच्या पट्टीपासून मागच्या टोकापर्यंत स्पष्ट हवं, कारण अण्णा प्रत्येक नळी नि नळी बघणार. तीन, फायरमनचा चेहरा ओळखू यावा. या तीन अटी लिहून ठेवल्या नसत्या तर पहिल्याच दिवशी ‘चालेल’ म्हणून आम्ही परत आलो असतो.

पॅनिंग म्हणजे काय हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. शटर मंद ठेवायचं आणि ते उघडं असताना कॅमेरा गाडीच्या वेगाने गाडीबरोबर फिरवायचा. गाडी चौकटीत एका जागी राहते म्हणून ती स्पष्ट येते, स्थिर असलेलं बाकी सगळं आडव्या रेघांमध्ये ओढलं जातं.

जागेची निवड

महाराष्ट्रात नियमित वाफेची गाडी उरलेली नाही. माथेरानची वाफ १९८२ साली थांबली. त्यामुळे विचार झाला तो निलगिरी आणि दार्जिलिंगचा.

निलगिरीची गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी निघते. कल्लारपर्यंत सपाटी आहे, सुपारीच्या बागा आहेत, आणि पुढे कुन्नूरपर्यंत दातेरी रुळावरची चढण. दृश्य म्हणून ती जागा मला जास्त आवडते. पण तिथे इंजिन गाडीच्या मागे राहून ती वर ढकलतं, आणि मुख्य म्हणजे दिवसाला एकदा वर, एकदा खाली. पॅनिंगमध्ये दहातले नऊ फोटो वाया जातात. दिवसाला एकच संधी ही पहिल्यांदा जाणाऱ्याला परवडणारी गोष्ट नव्हे.

दार्जिलिंग ते घूम मात्र पर्यटकांच्या वाफेच्या फेऱ्या हंगामात दिवसातून अनेकदा होतात. रूळ हिल कार्ट रोडला खेटून जातो, कुंपण नाही, चालत हव्या त्या जागी पोचता येतं. गेज दोन फुटी, म्हणजे अण्णांच्या लाइनीहूनही अरुंद, पण जातकुळी तीच. कोळसा फोडणारा वर बसलेला, चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू टाकणारा माणूस पुढच्या पट्टीवर. ताईंना हे माणसांचं दृश्य हवं होतं. तीन दिवस मुक्काम ठरला, नोव्हेंबरमध्ये.

हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. फेऱ्या अनेक असल्यामुळेच तिसरा दिवस हाती लागला.

अडचण : पहिला दिवस

सरावासाठी आम्ही पुण्यात रस्त्याकडेला उभे राहून मोटारसायकली टिपल्या होत्या. ताशी चाळीसच्या आसपास वेग, शटर १/६० सेकंद, आणि ताईंचे फोटो सुंदर यायचे. दार्जिलिंगला त्या थोडं सुरक्षित खेळल्या आणि १/१२५ वर सुरुवात केली.

पहिली गाडी गेली. पडद्यावर फोटो बघितले तर इंजिन कडक स्पष्ट, मागची दुकानंही जवळपास तेवढीच स्पष्ट, आणि चाकं जणू ब्रेक लावून उभी. ताई म्हणाल्या, ‘सर, हे तर थंड इंजिनच आलं.’

कारण साधं होतं आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. ही गाडी घूमकडे चढताना ताशी बारा किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला तीन मीटर तेहतीस सेंटीमीटर. १/१२५ सेकंदात ती तीन सेंटीमीटरही सरकत नाही. बी वर्गाच्या या इंजिनाचं चाक सव्वीस इंची, म्हणजे ६६ सेंटीमीटरचं. एका फेऱ्यात ते दोन मीटर सात सेंटीमीटर जातं, सेकंदाला सुमारे १.६ फेरे मारतं. १/१२५ मध्ये चाक साडेचार अंशच फिरतं. हलणं दिसणार कुठून?

मोटारसायकलीच्या १/६० ला जेवढी ओढ मिळत होती तेवढी या गाडीला मिळवायची तर शटर तिपटीहून मंद हवं, म्हणजे १/१८ च्या आसपास. आम्ही १/१५ वर आलो. आता चाक अडतीस अंश फिरतं आणि गाडी बावीस सेंटीमीटर सरकते. गणित बरोबर होतं, पण फोटो पांढरे पडले. ऊन लख्ख होतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला अशा उन्हात १/१५ साठी लेन्सचं छिद्र f/४० च्या आसपास लागेल; हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. लेन्स f/२२ ला संपते. पावणेदोन स्टॉप प्रकाश जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), आणि f/२२ ला सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आकाशात ठिपका होऊन बसलेला. प्रकाश अडवणारा ग्रे फिल्टर आम्ही दोघांनीही आणला नव्हता.

संध्याकाळपर्यंत सुमारे एकशेचाळीस फोटो झाले आणि तिन्ही अटी पुऱ्या करणारा एकही नव्हता.

दुसरा दिवस आणि माझा चुकीचा सल्ला

सकाळी ढग उतरले होते. कांचनजंगा दिसत नव्हतं, पर्यटक हिरमुसले होते, आम्ही मात्र खूश. ढगाळ उजेडात f/१६, १/१५, आयएसओ १०० हे सरळ जमत होतं. शिवाय ताईंच्या पिशवीत पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, निघाला. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे ऊन आलं तरी f/२२ पर्यंत जाऊन काम भागलं असतं. काल तो आठवला नाही याची हळहळ वाटली.

ताई कालच्याच जागी उभ्या राहिल्या. रस्त्याचं वळण होतं आणि त्या वळणाच्या बाहेरच्या कडेला, रुळापासून साधारण आठ मीटरवर होत्या. लेन्स ५० मिमी. तिथून इंजिन अंगावर येतंय असं दिसतं, आपण वर बघतो, सगळं मोठं आणि रुबाबदार. कोणीही तीच जागा निवडेल.

दोन गाड्या गेल्या. आता पार्श्वभूमी छान ओढली जात होती, चाकं फिरत होती. पण इंजिन? मधला भाग बरा यायचा, धुराडं आणि मागचं टोक दोन्ही फिसकटलेली. कधी धुराडं स्पष्ट, तर कॅब, म्हणजे चालकाची खोली, गेलेली.

मी ठरवून टाकलं की हात थरथरतोय. अठ्ठावन्न वर्षांच्या, थंडीत कुडकुडणाऱ्या बाईंचा हात थरथरतोय, यापेक्षा सोपं निदान कुठलं? मी माझा ट्रायपॉड दिला, बुडबुडा बघून पातळीत लावला, डोकं आडवं सैल सोडलं आणि म्हणालो, ‘आता नुसतं फिरवा.’

फोटो आणखी बिघडले. आधी दोष फक्त आडवा होता, आता उभाही आला. नंबरप्लेटचे आकडे तिरके ओघळल्यासारखे. ताई काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं की त्या दुपारी त्यांना वाटलं होतं, हे आपल्या वयात जमणारं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक शिकवणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे : हाताला दोष देण्याआधी जागा तपासा. मी ती तपासली नाही आणि एका जिद्दीच्या विद्यार्थिनीचा जवळजवळ धीर खचवला.

रात्री हॉटेलात ताई हिशोबाला बसल्या

जेवणानंतर ताईंनी बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्रिकोण काढला. गणिताची माणसं अडली की त्रिकोण काढतात. कॅमेरा एका टोकाला, रूळ समोर, इंजिन साधारण सहा मीटर लांब. त्यांचा प्रश्न असा होता : कॅमेरा एकाच वेगाने फिरतो. इंजिनाचं मधलं अंग आणि टोकं माझ्या डोळ्याला एकाच वेगाने फिरताना दिसतात का?

नाही दिसत. इंजिनाचा मध्य अगदी समोर असताना सर्वांत वेगाने सरकतो, टोकं माझ्यापासून लांब आणि तिरकी असतात म्हणून हळू सरकतात. कॅमेरा मध्याच्या वेगाने फिरवला तर टोकं मागे पडतात. किती? त्यांनी मांडलं ते असं. चोवीस मेगापिक्सेलच्या, ३६ मिमी रुंद सेन्सरवर ५० मिमी लेन्सने आठ मीटरवरून १/१५ ला स्थिर पार्श्वभूमी सुमारे २३० पिक्सेल ओढली जाते. टोकाचा दोष म्हणजे त्याला कोनाच्या टॅनच्या वर्गाने गुणायचं. इंजिनाची निम्मी लांबी तीन भागिले अंतर आठ, त्याचा वर्ग सुमारे ०.१४. म्हणजे ३३ पिक्सेल. हात दगडासारखा स्थिर असला तरी धुराडं ३३ पिक्सेल फिसकटणारच.

मी तो कागद बराच वेळ बघत होतो. वीस वर्षं मी ‘सराव करा, सराव करा’ म्हणत आलो.

मग ट्रायपॉडचा उभा दोष. दार्जिलिंग स्टेशन २०७६ मीटरवर, घूम २२५८ वर, मधे सहा-सात किलोमीटर. म्हणजे साधारण पस्तीस मीटरला एक मीटर चढ. मी कॅमेरा क्षितिजाच्या पातळीत फिरवायला लावला आणि गाडी चढणीवरून जात होती. २३० पिक्सेलच्या आडव्या प्रवासात ती साडेसहा पिक्सेल वर सरकते. नंबरप्लेटचे आकडे ओघळले ते त्यामुळे. हातात धरून टिपताना त्यांची नजर आपोआप इंजिनाबरोबर वर जात होती, तेव्हा हा दोष नव्हता. माझ्या ट्रायपॉडने तो आणला.

तोललेले पर्याय

तिसऱ्या दिवसासाठी पुढचे पर्याय त्या रात्री टेबलावर होते.

शटरचा वेग वाढवणं. १/३० ला टोकाचा दोष निम्मा होतो, पण पार्श्वभूमीची ओढही निम्मी, चाक एकोणीसच अंश फिरतं. पहिली अट ढिली पडते. राखीव म्हणून ठेवला.

जीपमधून बरोबरीने जाऊन टिपणं. रस्ता रुळाला समांतर आहे, गाडीचा वेग सावकाश आहे, अनेकजण हे करतात. त्याचा एक खरा फायदा आहे : आपण आणि इंजिन दोघंही एकाच वेगाने सरळ जातो म्हणून टोकांचा दोष उरतच नाही. पण मग लांबची पार्श्वभूमी फारशी ओढली जात नाही, जवळचंच ओढलं जातं. आणि अरुंद घाटरस्ता, समोरून येणाऱ्या गाड्या, शाळेची मुलं. खिडकीबाहेर अर्धं अंग काढून बसायला मी ताईंना कधीच सांगणार नव्हतो, स्वतःही बसलो नसतो. पाच मिनिटांत बाद.

लांब जाऊन लांब लेन्स. हा ताईंच्या त्रिकोणातूनच आला. पंचवीस मीटरवर गेलो आणि इंजिन चौकटीत तेवढंच मोठं ठेवायला १५५ मिमीच्या आसपास झूम केलं तर पार्श्वभूमीची ओढ तीच, २३० पिक्सेल. अंतर तिप्पट, लेन्सही तिप्पट, म्हणून ती बदलत नाही. पण टोकाचा दोष तीन भागिले पंचवीसच्या वर्गाने, म्हणजे तीन पिक्सेलवर येतो. तेहतीसचे तीन. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फुकटात मिळाल्यासारखं वाटलं. किंमत आहे, पण ती वेगळीच : मधे रस्ता येतो, त्यावर जीप आणि माणसं येतात.

वळणाच्या आत उभं राहणं. हे ताईंना सर्वांत शेवटी सुचलं, साडेदहाच्या सुमारास. वर्तुळाच्या अगदी केंद्रावर उभे राहिलो तर? तिथून इंजिन आपल्याभोवती फिरतं. त्याचं प्रत्येक टोक एकाच कोनीय वेगाने जातं. कॅमेराही त्याच वेगाने फिरवला की सगळं इंजिन, किंबहुना मागचे डबेसुद्धा, चौकटीत थिजून उभे राहतात. दोष शून्य. केंद्रापर्यंतच्या निम्म्या अंतरावर उभं राहिलं तरी सरळ रुळाच्या तुलनेत दोष निम्मा. आणि वळणाच्या बाहेर उभं राहिलं तर दोष उलट वाढतो. दोन दिवस आम्ही नेमके बाहेर उभे होतो.

अशी वर्तुळाकार जागा म्हटल्यावर बटासिया लूप डोळ्यासमोर येतोच. १९१९ साली बांधलेला, मधे बाग, शहीद गुरखा जवानांचं स्मारक. पण गाडी तिथे दहा मिनिटं थांबते, शे-दीडशे माणसं उतरतात, रुळाकाठी फोटो काढतात. चालत्या गाडीचा वेगही तिथे नुसता रांगण्याएवढा असतो. आम्ही तो सोडला. हिल कार्ट रोडवर वळणांना तोटा नाही.

तिसरा दिवस : प्रत्यक्ष काय केलं

सकाळी सहाला आम्ही फक्त जागा शोधायला बाहेर पडलो, कॅमेरे पिशवीतच. दार्जिलिंगहून बटासियाकडे जाताना एक वळण सापडलं जिथे आतल्या बाजूला रस्त्यापलीकडे चार पायऱ्या चढून एका दुकानाचा ओटा होता. पावलांनी मोजलं, रुळापर्यंत पंचवीस मीटर भरलं. ओटा उंच असल्यामुळे रस्त्यावरची माणसं चौकटीच्या खालच्या कडेला राहत होती. जीप मात्र मधे येणारच होत्या. ते पत्करलं. रुळाच्या मागे शेवाळलेली दगडी भिंत आणि त्यावर झाडी होती. गडद आणि एकसारखी, ओढली गेली की हिरवट पट्टे होणार. दुकानाच्या मालकीणबाईंना विचारलं, त्यांनी नुसती परवानगी दिली नाही तर बसायला बाक दिला.

बाकीची तयारी थोडक्यात. ट्रायपॉड हॉटेलातच. लेन्सचं स्थिरीकरण दुसऱ्या पद्धतीवर, म्हणजे ते आडवी हालचाल सोडून देतं आणि फक्त वरखाली सावरतं. फोकस आधीच ठरवून बंद केला : समोरच्या रुळावर नेमका, कारण जीप मधून गेली तर आपोआप फोकस तिच्यामागे धावतो. वळणाच्या आत उभं असल्याचा इथेही उपयोग झाला, गाडीचं अंतर फारसं बदलत नव्हतं. शटर १/१५, f/११ ते f/१६ उजेडाप्रमाणे. सेकंदाला आठ फोटोंची मालिका.

ही मालिका का, ते सांगायला हवं. चाक सेकंदाला १.६ फेरे मारतं, म्हणजे एका फेऱ्यात पाच फोटो मिळतात. दांडा वर, मागे, खाली अशा पाच जागी. दांडा खाली असलेला फोटो डोळ्याला बरा दिसतो. इंग्लंडमधले रेल्वे छायाचित्रकारही तसंच मानतात. कधी दाबायचं हे ठरवणं माणसाच्या हातात नाही, पण मालिकेत तो एक फोटो येऊन जातो.

अंगाची ठेवण ताईंची आधीपासून चांगली होती. पाय फोटोच्या जागेकडे रोवलेले, कंबर मात्र गाडी येते तिकडे वळवलेली. गाडी येताना कंबर सुटत जाते आणि बटण दाबायच्या क्षणी शरीर सरळ, सैल असतं. मी शिकवताना गोफणीचं उदाहरण देतो : दगड सुटल्यावरही हात फिरत राहतो. बटण सोडलं तरी कॅमेरा फिरत राहिला पाहिजे. सगळं लक्ष एका बिंदूवर, कॅबच्या दाराशेजारच्या दांड्यावर. अख्ख्या इंजिनाकडे बघितलं की हात भरकटतो.

पहिली गाडी आली तेव्हा मधे मालवाहू जीप थांबली. सगळे फोटो गेले.

दुसरी गाडी. वीसेक फोटो. ताईंनी पडदा बघितला, काही न बोलता माझ्याकडे दिला. पुढच्या पट्टीवरच्या माणसापासून मागच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट. पण एक विचित्र गोष्ट होती. काही फोटोंत चाकांजवळचा भाग स्पष्ट आणि धुराड्याची टोपी किंचित हललेली. हे जागेचं नव्हतं, हाताचंही नव्हतं. हे इंजिन चारच चाकांवर उभं आहे, पुढचं-मागचं अंग चाकांबाहेर लोंबतं, आणि प्रत्येक फेऱ्यात ते नंदीबैलासारखं मान डोलावतं. ते डोलणं कुणी थांबवू शकत नाही.

इथे शेवटचा निर्णय होता. १/८ वर जाऊन ओढ वाढवायची, की १/२० वर येऊन डोलण्याचा दोष कमी करायचा? मला १/८ चा मोह होता, वाफ कापसासारखी पसरली असती. ताई म्हणाल्या, ‘अण्णांना वाफ नको, इंजिन हवंय.’ १/२० ठरलं.

तिसरी गाडी दुपारी. चढणीला इंजिन जोर लावत होतं, धापा ऐकू येत होत्या. एका फेऱ्याला चार, सेकंदाला सहा-साडेसहा. मधे एक स्कूटर गेली, बस्स. ताईंनी सव्वीस फोटो घेतले.

निष्पत्ती

दिवसभरात चौऱ्याहत्तर फोटो, तिन्ही अटी पुरवणारे पाच. पहिल्या दोन दिवसांत तीनशेवर फोटोंत एकही नव्हता. निवडलेल्या फोटोत दांडा खाली आहे, फायरमन कॅबमधून बाहेर वाकून पुढे बघतोय, कोळशावर बसलेल्या मुलाच्या हातातला हातोडा ओळखू येतो. खालच्या कडेला त्या स्कूटरची एक लाल रेघ आहे. मी ती कापायला सांगितली होती, ताईंनी ठेवली.

बार्शीला बारा बाय अठरा इंचाची प्रत काढून अण्णांना दिली तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी चष्मा बदलला, फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ फक्त धुराड्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘धूर काळा आहे. पोरानं आत्ताच कोळसा टाकलाय.’ नंतर बोटाने दांड्यावरून, सिलिंडरवरून, पायरीवरून फिरत गेले आणि पुढच्या पट्टीवरच्या माणसाशी थांबून विचारलं, ‘अजून वाळू हातानं टाकत्यात व्हय?’

वेगळं काय करता आलं असतं

तीनपैकी दोन दिवस गेले ते तीन गोष्टींमुळे, आणि तिन्ही पुण्यातच टाळता आल्या असत्या.

सराव चुकीच्या वाहनावर झाला. मोटारसायकल वेगवान असते म्हणून १/६० पुरतं, आणि आखूड असते म्हणून टोकांचा दोष दिसतच नाही. सायकलवाला घेतला असता तर वेग तरी जुळला असता. पण खरा जोड एसटीचा आहे : स्टँडच्या फाटकातून बाहेर पडणारी बस दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने जाते आणि दहा-अकरा मीटर लांब असते. आठ मीटरवरून १/१५ ला ती टिपली असती तर पुढचा दिवा आणि मागची शिडी एकदम स्पष्ट येत नाहीत हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

ग्रे फिल्टर. मंद गाडी आणि ऊन म्हटल्यावर तीन स्टॉपचा फिल्टर पिशवीत असायलाच हवा होता. तो असता तर पहिला दिवस पूर्ण वाया गेला नसता, निदान चुकीच्या जागेचा धडा एक दिवस आधी मिळाला असता.

आणि पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय चालण्यात घालवायला हवा होता. आम्ही तिसऱ्या सकाळी जे दोन तासांत केलं, वळणं बघणं, आतली बाजू शोधणं, पावलांनी अंतर मोजणं, मागे काय आहे ते बघणं, ते पहिल्या सकाळी केलं असतं तर नऊ-दहा फेऱ्या हाताशी होत्या. आम्ही उतरल्या उतरल्या जिथे इंजिन मोठं दिसलं तिथे उभे राहिलो.

एक शंका मला अजून आहे. मी १/८ साठी आग्रह धरायला हवा होता का? शेवटच्या गाडीत अर्ध्या मालिकेसाठी तरी? वाफेचा तो फोटो आमच्याकडे नाही. ताईंचं म्हणणं असं की त्या गाडीत त्यांचा हात आणि वेग जुळून आला होता, मधेच चकती फिरवली असती तर तोही गेला असता. त्यांचं बहुधा बरोबर आहे.

ताई आता बार्शीच्या स्टँडबाहेर आठवड्यातून एकदा एसटी टिपतात. पुढच्या फेब्रुवारीत मेट्टुपाळयमला जायचं आहे. तिथे इंजिन मागून ढकलतं, दिवसाला एकच संधी, आणि कल्लारच्या आधी एकही चांगलं वळण नकाशात दिसत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मला नवा त्रिकोण पाठवला. त्यात अंतर चाळीस मीटर धरलं आहे.